शब्दचर्चा: ‘नेकेड हायकिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न, पुण्याहून
प्रवासावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. विषय: अमेरिकेतला ‘नेकेड हायकिंग डे’. तारीख 21 जून, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. जॉर्जियापासून मेनपर्यंत 14 राज्यांतून जाणारी साधारण 3,500 किलोमीटरची ॲपलाचियन ट्रेल आहे. तिच्यावर महिनोन्‌महिने चालणारे काही हौशी लोक त्या दिवशी कपडे सॅकमध्ये कोंबतात आणि बूट, मोजे, टोपी एवढ्यावरच निघतात. मोर्चा नाही, घोषणा नाहीत, निव्वळ गंमत. ‘नग्न गिरिभ्रमणाची उन्हाळी परंपरा’ म्हटलं तर शासकीय परिपत्रक वाटतं, ‘नागडा ट्रेक’ म्हटलं तर शिवी. मधलं काही आहे का?

सांगलीहून
ताई, आधी ते ‘उन्हाळी’ काढा. 21 जूनला आपल्याकडे आर्द्रा लागायच्या बेतात असतं. ‘उन्हाळी’ वाचलं की मराठी माणसाला आंबे आणि मेची सुट्टी आठवणार. सरळ ‘जूनमधली’ म्हणा. त्या दिवशी कोयनेच्या जंगलात कुणी तसा शिरलाच, तर जळवांना पंगतीचं आमंत्रण!

मूळ शब्दाबद्दल म्हणाल, तर अंगावर वस्त्र नाही आणि पायी चालतो आहे, या दोन्ही गोष्टी एकत्र येतात अशी भाषा आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात रोजची आहे. दिगंबर मुनी हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू घेऊन गावोगाव अनवाणी जातात, त्याला ‘विहार’ म्हणतात. पावसाळ्यात एका ठिकाणी मुक्काम, तो चातुर्मास. आचार्य शांतिसागर महाराजांनी (1872–1955) कुंथलगिरीला देह ठेवला, त्यांचं नाव आजही इथे घरोघरी घेतात. म्हणून ‘दिगंबर’ आणि ‘विहार’ हे दोन शब्द गमतीत नकोत. दिशा हेच वस्त्र, अर्थ अगदी नेमका बसतो. पण तो व्रताचा शब्द आहे, शिवाय दत्तभक्तांच्या तोंडचा.

अकोल्याहून
आमच्याकडे एवढा विचार करत नाहीत. शब्द आहे: भोंगळा. ‘पोट्टं भोंगळंच फिरून राह्यलं’ असं आजी म्हणते, त्यात राग नसतो, वैताग असतो. पुण्या-मुंबईच्या पेपरात ‘पालिकेचा भोंगळ कारभार’ असा मथळा आला की वऱ्हाडातली माणसं आधी हसून घेतात, मग बातमी वाचतात. तुम्ही ‘भोंगळा ट्रेक’ छापलात तर पुण्यात लोकांना वाटेल, बस उशिरा आली आणि नाश्ता मिळाला नाही.

पुण्याहून
हा हा! मग ‘उघडा’ चालेल का? जरा सौम्य वाटतो.

ठाण्याहून
सौम्य आहे, पण अर्थ सुटतो. ‘उघड्याकडे नागडं गेलं आणि रात्रभर हिवानं मेलं’ या म्हणीत दोघे वेगळे आहेत. उघड्याच्या अंगावर पांघरूण नाही, नागड्याच्या अंगावर काहीच नाही. नांगर धरणारा उघडा असतो, पूजेला बसलेला उघडा असतो, आणि मेच्या दुपारी आरामखुर्चीत पेपर वाचणारे काका उघडेबंब. तिथे कमरेला पंचा, लुंगी काहीतरी आहेच, आणि लाजही नाही.

बाकीच्यांची गंमत बघा. ‘नागवा’ घ्या, त्याच्यापासून ‘नागवणं’ म्हणजे लुबाडणं. कपडे स्वतः काढले तर नागडा, दुसऱ्याने काढून नेले तर नागवला. ‘नंगा’ निर्लज्जपणाकडे गेला, त्याचा नंगानाच झाला. ‘विवस्त्र’ पंचनाम्यात राहतो. ‘विवस्त्र अवस्थेत’ एवढं वाचलं की पुढे पोलीस येणारच. म्हणजे एकात दारिद्र्य, एकात लूट, एकात गुन्हा, आणि वर सांगलीकरांनी सांगितलं ते व्रत. मजेचा शब्द एकच, ‘नंगूपंगू’, आणि तो तीन वर्षांच्या पोराला आंघोळीनंतर पकडताना वापरायचा. मोठ्या माणसाने हौसेने कपडे काढले, कुणाचं काही बिघडलं नाही, यासाठी आपण शब्द ठेवलेलाच नाही.

म्युनिकहून
इकडे तो आहे, नाक्टवांडर्न. नाक्ट म्हणजे नग्न, वांडर्न म्हणजे पायी भटकणं, जोडून एक क्रियापद. जर्मनीत हार्त्स डोंगरात 2010 साली अशा भटक्यांसाठी 18 किलोमीटरची खास वाट निघाली. तिथल्या फलकावर यमक जुळवलेली सूचना आहे: नागडी माणसं बघायची नसतील तर इथून पुढे जाऊ नका. त्यात धमकी नाही, माफीही नाही.

पण सगळीकडे असं नाही. स्वित्झर्लंडच्या आपेंत्सेल इनररोडेन या प्रांतात अशा भटक्यांची वर्दळ वाढली, तेव्हा एप्रिल 2009 मध्ये तिथल्या नागरिकांनी चौकात जमून, हात वर करून बंदी घातली. दंड 200 फ्रँक. शेजारच्या आउसररोडेनमधल्या एका भटक्याचा 100 फ्रँकांचा दंड 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला. एकच शब्द ठरावातही आला आणि विनोदातही, हे मला आवडतं.

सांगलीहून
‘नग्न’ शब्द अगदी टाकाऊ नाही. ब्रिटनमधले स्टीफन गॉफ, ‘नेकेड रॅम्बलर’, 2003-04 मध्ये लँड्स एंडपासून जॉन ओ’ग्रोट्सपर्यंत, म्हणजे देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तसेच चालले. कपडे घालायला नकार दिला म्हणून स्कॉटलंडमध्ये कित्येक वर्षं तुरुंगात काढली, आणि 2014 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातही हरले. त्यांना ‘नग्न पदयात्री’ शोभतं, कारण तिथे हट्ट आहे, तत्त्व आहे. तुमच्या 21 जूनवाल्यांना ते फार जड होईल.

ठाण्याहून
ताई, विशेषणाच्या मागे लागूच नका. मराठी इथे क्रियाविशेषणाने काम भागवते. ‘अनवाणी चालला’ म्हणताना पायाला कुठे विशेषण लावतो? फक्त एक सांभाळा: ‘कपडे न घालता’ म्हटलं की घालायचे राहून गेले असं वाटतं. ‘कपडे काढून’ म्हटलं की मर्जी दिसते.

अकोल्याहून
अन् बुटांचं काय? आमच्या आजीच्या हिशेबात मोजे घातलेला माणूस भोंगळा नाहीच, तो येडा. त्यात सॅकचा पट्टा उघड्या कमरेवर दिवसभर घासणार, गवतातून गोचीड चढणार. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही.

पुण्याहून
सगळ्यांचे आभार. मजकुरात असं केलंय: ‘21 जूनला ॲपलाचियन ट्रेलवरचे काही भटके कपडे काढून सॅकमध्ये टाकतात आणि बूट-टोपीवर दिवसभर चालतात.’ मथळा ‘बिनकपड्यांची भटकंती’. बिनपाण्याची, बिनभांडवली, त्याच घरातला ‘बिन’. कसं वाटतं?

ठाण्याहून
झकास. संपादकांनी त्याचं ‘विवस्त्र’ केलं तर मात्र इथे येऊन सांगा.