तिथे काय बघायचंय? – आडवळणाच्या चक्रम ठिकाणांचे अनुभव

आमच्याकडे सहलीचा बेत आखताना मी एखादं नाव घेतलं की नवऱ्याचा प्रश्न ठरलेला: "तिथे काय बघायचंय?" मागच्या थंडीत जोधपूरहून पालीला निघालो होतो. मी बुलेट बाबाचं नाव काढलं आणि तोच प्रश्न आला. पण थांबायचं की नाही हे आमच्या हातात नव्हतंच. ड्रायव्हरने चोटिला गाव येताच न विचारता हॉर्न वाजवला आणि गाडी बाजूला घेतली. इथून हॉर्न न देता पुढे गेलं तर पुढचा प्रवास धड होत नाही, म्हणे.

काचेच्या मखरात देव म्हणून चक्क बुलेट ३५०. नंबर आरएनजे ७७७३, हॅंडलला झेंडूच्या माळा. शेजारच्या झाडाला लाल धागे इतके, की खोड दिसत नाही. ओम बन्ना या तरुणाचा इथे अपघाती मृत्यू झाला, पोलिसांनी गाडी ठाण्यात नेली आणि सकाळी ती परत अपघाताच्या जागी उभी, अशी कथा. नैवेद्याला लोक दारू आणतात. उदबत्ती आणि दारू यांचा मिश्र वास मी तोवर कधी घेतला नव्हता. नवरा कॉलेजपासूनचा बुलेटवाला. मखराला नाक लावून पाच मिनिटं उभा होता. मला वाटलं, भक्ती जागी झाली. बाहेर येऊन म्हणाला, "पुढच्या टायरात हवा कमी आहे."

तर अशी ठिकाणं सांगा. ताजमहाल आणि आयफेल टॉवर नकोत. स्वतः पाहिलेलंच लिहा.

—

तोक्योतलं मेगुरो परजीवी संग्रहालय. हो, परजीवी. जंत, पट्टकृमी, गोचिड्या, सगळं बरण्यांत. साबा (सासूबाई) आमच्याकडे तीन महिने राहायला आल्या होत्या, देवळं आणि बागा बघून कंटाळल्या होत्या. घराजवळच होतं आणि फुकट होतं (दानपेटी आहे, टाका काहीतरी), म्हणून नेलं.

दोनच मजले. वरच्या मजल्यावर ८.८ मीटरचा पट्टकृमी काचेमागे घड्या घालून ठेवलाय, वाळत घातलेल्या शेवयांसारखा. एका माणसाच्या पोटातून निघालेला. शेजारी तेवढ्याच लांबीची पांढरी फीत टांगलेली, हातात धरून अंदाज घ्यायला. साबांनी एक टोक मला धरायला लावलं आणि दुसरं घेऊन त्या चालायला लागल्या. भिंत आली तरी फीत उरलीच. तिथली दोन जपानी पोरं फिदीफिदी हसत होती. साबा निवृत्त शिक्षिका, वर्षानुवर्षं शाळेत जंताच्या गोळ्या वाटलेल्या. फीत नीट गुंडाळून जागेवर ठेवत म्हणाल्या, "ह्याच्यासाठी वाटत होतो होय आपण!"

रात्री सुशीचा बेत होता. घरी येऊन वरणभात लावला.

—

वरचं वाचून शेवया बंद. धन्यवाद.

माझ्याकडून सिअॅटलची च्युइंगगमची भिंत. पाइक प्लेस मार्केटच्या खालच्या बोळात. नाटकाच्या रांगेतल्या लोकांनी चिकटवायला सुरुवात केली आणि पुढे भिंतच भरली. २०१५ मध्ये वाफ मारून साफ केली तेव्हा हजार किलोंहून जास्त गम निघाला. लोकांनी लगेच पुन्हा सुरुवात केली. उन्हाळ्यात जाऊ नका. वास गोड असतो, तेच वाईट.

—

लांब कशाला जाता? पुण्याहून साताऱ्याकडे जाताना लिंब फाट्याला आत वळा. बारा मोटेची विहीर. मी पंचवीस वर्षं त्या रस्त्याने कोल्हापूरला जातोय आणि फाट्यावर फक्त चहा प्यायचो, याची लाज वाटते.

वरून बघितली तर शिवलिंगासारखी दिसते: एक अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेली दुसरी. दोन्हींच्या मध्ये, पाण्याच्या वर, चक्क महाल आहे. पायऱ्या उतरून दरवाजातून आत शिरलं की बाहेरचं ऊन विसरायला होतं, आणि कमानीतून खाली हिरवं पाणी. भिंतींवर वाघ, हत्ती कोरलेत. वर मोटा चालवायच्या दगडी जागा अजून शाबूत आहेत. गावातल्या एका आजोबांनी त्या मला मोजून दाखवल्या: पंधरा. मग बारा मोटेची का? "बाराच चालायच्या एका टायमाला," आजोबा म्हणाले.

एक तक्रार. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ आहे, विरूबाई भोसल्यांनी बांधल्याचा उल्लेख आहे. पुष्कळ लोक ते इसवी सन समजून शिवरायांच्या बालपणात नेऊन ठेवतात. अहो, ७८ मिळवा! १७१९ ते १७२४. शाहू महाराजांचा काळ.

—

लिंबला +१. जाताना वाईचे पेढे नकोत, साताऱ्याचे कंदी घ्या.

—

स्कॉटलंडमधलं फॉलकर्क चाक. अभियंत्यांनी चुकवू नये, इतरांनी अभियंत्यासोबत जाऊ नये (बायकोचं मत). दोन कालव्यांच्या पातळीत मोठा फरक. पूर्वी ११ जलपाशांची (दारं लावून पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या कप्प्यांची) पायरी चढावी लागे, म्हणजे बोटीचा जवळजवळ अख्खा दिवस जायचा. २००२ पासून हे चाक बोटीला पाण्यासकट उचलून २४ मीटर वर नेतं.

गंमत अशी की दोन टोकांना दोन हौद. एकात बोट असो, दोन्हींत असो, वा एकातही नसो, वजन सारखंच. बोट आत आली की आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर सारते. आर्किमिडीज! त्यामुळे अर्ध्या फेरीला वीज लागते ती आठ किटल्या पाणी उकळण्याइतकी. मी हे मुलीला बादली आणि वाटी घेऊन समजावलं. ती म्हणाली, "बाबा, आइस्क्रीम."

—

दिल्लीचं सुलभचं शौचालय संग्रहालय कोणीच कसं लिहिलं नाही? १९९२ मध्ये बिंदेश्वर पाठकांनी सुरू केलं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सिंहासनाची प्रतिकृती आहे, खाली सोय असलेली. राजा दरबार भरवतानाच उरकायचा, म्हणे. आमच्या ऑफिसातल्या बैठका आठवल्या.

—

पुण्यातच राहून मी केळकर संग्रहालय पहिल्यांदा पाहिलं ते अमेरिकेतल्या पाहुण्यांना दाखवायला. सगळे मस्तानी महालाकडे धावतात. मी अडकित्त्यांपाशी अडकले. घोडे, पक्षी, आणि काही जोडपी अशी की पाहुण्यांना भाषांतर करावं लागलं नाही. पुढे वज्र्या, टाचा घासायच्या. आमच्या आजीची वज्री अगदी तशीच होती, वाडा पाडला तेव्हा आम्ही ती भंगारात दिली. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीसाठी हा संग्रह उभा केला, हे तिथल्या पाटीवर वाचलं आणि तशीच परत अडकित्त्यांपाशी गेले.

—

ही चर्चा सुरू करणारी मी पुन्हा. लिंबवाल्या काकांचं वाचून नवरा म्हणतोय, रविवारी जाऊ. तिथे काय बघायचंय, हे मी विचारून घेतलं.