अँजिओप्लास्टीनंतर चालणं का सुटतं? आळस की भीती?

फिजिओताई
हृदयरुग्णांकडून व्यायाम करून घेणं हे माझं काम आहे. अँजिओप्लास्टीनंतर चालणं सुटलं की 'पेशंटच आळशी' असं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, हे त्यांना पाठ असतं. पण जिना चढताना जरा दम लागला की हात छातीवर जातो, 'परत अटॅक येतोय' वाटतं आणि माणूस खाली बसतो. आझेन या मानसशास्त्रज्ञाने १९९१मध्ये मांडलं होतं की आपण काही करायचं ठरवतो त्यामागे तीन गोष्टी असतात: त्याबद्दलचं आपलं मत, जवळच्यांची अपेक्षा आणि 'हे मला जमेल' ही खात्री. आपल्याकडे तिसरीच कच्ची राहते.

रोखठोक
असहमत. माझ्या बाबांना मधुमेह आहे. चालायची भीती नाही, पायही ठणठणीत. तरी 'गोळी चालू आहे ना' म्हणून टीव्हीसमोर. वाढलेली साखर दुखत नाही, म्हणून कुणी हलत नाही. डोळे जातात, किडनी जाते हे डॉक्टरांनी तोंडावर सांगायलाच हवं.

फिजिओताई
@रोखठोक, सांगायला हवंच. पण नुसत्या धाकाने पेशंट चार दिवस चालतो, मग चाललो नाही हे सांगायची लाज वाटून तपासणीलाच येत नाही. मानसशास्त्रज्ञ बांडुरांनी १९७७मध्येच म्हटलं होतं, खात्री सर्वांत जास्त वाढते ती स्वतः करून जमल्यावर. म्हणून मी बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं व्हरांड्यात चालवते. नाडी वाढते, थांबलं की उतरते. तो आकडा उतरताना त्यांनी स्वतः पाहिला की चेहरा बदलतो. हे माझ्या बोलण्याने होत नाही.

कोल्हापूरकरीण
भीती, खात्री सगळं ठीक, पण बायकांचं काय? माझ्या सासूबाईंना बीपी आहे, चालायची मनापासून इच्छा आहे. सकाळी डबे, मग नातवाची स्कूलबस, संध्याकाळी स्वयंपाक. वर 'एकटी कुठे निघालीस?' हेही घरातूनच. जवळच्यांची अपेक्षा म्हणतात ती हीच ना?

रोखठोक
ठरवलं तर वेळ निघतो. बाबांना तर दिवसभर वेळ आहे, तरी नाही.

कोल्हापूरकरीण
बाबांना वेळ आहे कारण त्यांची कणीक दुसरं कुणीतरी मळतं. आमच्याकडे दिवाळीपासून संध्याकाळची कणीक सासरे मळतात. त्या वेळात सासूबाई रंकाळ्यावर जाऊन येतात.