मदत हवी आहे : कुळवृत्तांतातली मृत्यूची वयं कशी मोजावीत?

नमस्कार मंडळी. आमचं गाव सातारा जिल्ह्यात. घराण्याच्या कुळवृत्तांतावरून कोण किती वर्षं जगलं याचा तक्ता करतेय. १८८० ते १९२० मधले पुरुष सरासरी पासष्टी गाठलेले दिसतात! घरातले म्हणतात, "बघ, पूर्वीचे लोक दणकट." मला हे अजिबात पटत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मवेळचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, त्याआधी त्याहून कमी. मग आमचंच घराणं वेगळं कसं?

कारण पणजोबांच्या वहीत सापडलं. एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, 'तीन मुले अल्पवयात निवर्तली.' नावं नाहीत, वयं नाहीत. छापील कुळवृत्तांतात ती तिघं आलीच नाहीत. ते वाचून फार वाईट वाटलं. बायकांचं तर नुसतं 'सौ.' आणि माहेरचं आडनाव. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत वीस ते चाळीस वयाची माणसं जास्त दगावली, त्या सालच्या नोंदीही कोऱ्याच आहेत.

गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, तहसीलच्या अभिलेख कक्षातून कुणी मिळवलीय का? अर्जात काय लिहिलंत? मोडी वाचून देणारं कुणी आहे का? आणि संख्याशास्त्रवाल्यांनो, बालमृत्यू गाळलेल्या यादीतून पंधराव्या वर्षापुढचं आयुर्मान तरी नीट काढता येईल का?