इलेक्ट्रिक गाडी : कोकणी माणसाला नेमकी भीती कशाची?

गुहागरकर : दोन वर्षं इलेक्ट्रिक गाडी चालवतोय. एवढ्या काळात वाडीतल्या एकालाही ती घ्यायला लावू शकलो नाही! सगळ्यांचा प्रश्न एकच, "चार्जिंग संपलं तर?" पहिलं वर्षभर मी आकडे सांगत सुटलो. कागदावर एका चार्जिंगला ३१२ किलोमीटरची रेंज, एसी लावून दोनशेच्या आतबाहेर. चिपळूणला जाऊन-येऊन नव्वद, मग अडलं कुठे? कोणी हललं नाही. आता मला वाटतं, आकड्यांनी हे काम होणार नाही. शेजारच्या काकांची पेट्रोल गाडी वर्षातून दोनदा मुंबई बघते, एरवी बाजार, दवाखाना, लग्नं. शोरूमवाले त्यांना दोन किलोमीटर फिरवून आणतात. त्यापेक्षा आठवडाभर गाडी त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, लावून जावं.

वाशिष्ठीकाठ : ते दोन दिवसच तर महत्त्वाचे! आणि मुंबई सोडा. रात्री दोनला डॉक्टर म्हणाले, पेशंटला कराडला हलवा. गाडीत वीस टक्के चार्जिंग, समोर कुंभार्ली घाट. काय करणार?

गुहागरकर : वीस टक्क्यांवर रात्री ठेवतो कोण? फोन लावतो तशी गाडी लावून झोपायचं. आणि घाटाचा बाऊ फार झालाय. सहाशे-साडेसहाशे मीटर चढायला अडीच-तीन युनिट जास्तीचे लागतात, म्हणजे वीसेक किलोमीटरची रेंज गेली. उतरताना त्यातलं बरंचसं परत बॅटरीत येतं. (बॅटरी शंभर टक्के भरून घाट उतरू नका मात्र, परत यायला जागाच नसते.)

देवगडची सून : लावून झोपायचं म्हणे! आमच्या घरी चार्जर लावला की लाल दिवा. कारण अर्थिंग. जांभ्यात मुळात अर्थिंग धड मिळत नाही, त्यात घराचं वायरिंग आजेसासऱ्यांच्या काळातलं. वायरमनने नवा खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, पंधरा अँपियरची वेगळी लाइन ओढली, तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणीही ओतावं लागतं. हे गाडी विकताना कोणी सांगितलं नव्हतं. सासरे अजून विचारतात, "बंद पडली तर ढकलूक कोण येतलो?" पण काजूच्या बागेत जायला तीच गाडी काढतात, कारण पेट्रोलला उतरावं लागत नाही.

रत्नागिरीचा टुरिस्टवाला : मी धंद्याचं बोलतो. ॲपवर चार्जर हिरवा दिसत होता. पोचलो तर स्क्रीन काळी, फोन उचलायला कोणी नाही. पुढचा चार्जर गाठेपर्यंत एसी बंद. पाहुण्यांची गाडी चुकली, भाडं गेलं ते गेलं, वर शिव्या. पेट्रोल पंप बंद असला तर दहा किलोमीटरवर दुसरा असतो. मला रेंज नको, प्रत्येक ठिकाणी दोन चालू चार्जर द्या. मग बोलू.

गुहागरकर : याला माझ्याकडे उत्तर नाही. टुरिस्टच्या धंद्याला आज घेऊ नका असंच मीही सांगेन.

डोंबिवलीचा चाकरमानी : उलटा अनुभव. गावी घर आहे, प्लग आहे; अडचण इथे डोंबिवलीत. सोसायटी पार्किंगमध्ये पॉइंट देत नाही, म्हणे आग लागेल. २०२५ पासून अटल सेतूचा टोल इलेक्ट्रिक गाडीला माफ झाला, पण गाडी चार्ज कुठे करू? आणि गणपतीच्या आधी महामार्गावरच्या चार्जरला आपल्यापुढे चार गाड्या असल्या, तर गौरी जेवतील तेव्हा आपण माणगावात.

गुहागरकर : ट्रॅफिकमध्ये मात्र हिचा जवाब नाही. उभ्या गाडीत एसीला तासाला एखादं युनिट, इंजिन धुमसत ठेवायला नको.

वाशिष्ठीकाठ : जून २०२० चं निसर्ग वादळ विसरलात? दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती. आणि आमच्या चिपळुणातला २२ जुलै २०२१ चा पूर!

गुहागरकर : पुरात पेट्रोलच्या गाड्याही तरंगल्याच की. बॅटरीला साधारण मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकण्याचं मानांकन असतं, त्या दिवशी पाणी किती होतं ते तुम्हीच जाणता. वादळाचं मान्य. पंपालाही वीज लागते, पण तिथे जनरेटर असतो, माझ्या खळ्यात नाही. तेवढ्यासाठी घरातली दुसरी गाडी पेट्रोलची राहू दे, पहिली बदला.

वाशिष्ठीकाठ : म्हणजे दोन गाड्या. श्रीमंतांचे सल्ले!

गुहागरकर : बरं, येत्या रविवारी चिपळूणला येतो. कुंभार्ली तुम्ही चालवा, चढून उतरून दाखवतो.

वाशिष्ठीकाठ : या. पण भाचा माझी पेट्रोलची घेऊन मागून येईल.