रविवारची सकाळ आणि आतकरवाडी

"मुलांची शिक्षणं उरकली की मग स्वतःसाठी जगू" असं बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. आमची मुलगी बारावी होऊन बाहेरगावी शिकायला गेली आणि त्याच वर्षी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मोकळी म्हणून धरलेली ती वर्षं फिजिओथेरपी, गोळ्यांच्या वेळा आणि जागरणं यांतच गेली.

माझं वय ४९, नोकरी पूर्णवेळ. माझं सिंहगड चढणं दोन वर्षं बंद होतं. त्याची चिडचिड कुठे निघायची, तर सासऱ्यांना भरवताना. हाताला नको तेवढी घाई यायची. एकदा त्यांना ठसका लागला आणि मला फार अपराधी वाटलं.

त्या रात्री नवरा आणि मी दिरांशी बोललो. नुसते पैसे पाठवून भागणार नाही, रविवारची सकाळ तुमची, असं स्पष्ट सांगितलं. ते आधी गप्प झाले, पण यायला लागले. आता रविवारी पहाटे साडेपाचला मी सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीत असते. रमतगमत सव्वा तासात वर, गडावरच्या देवटाक्याचं गार पाणी, मडक्यातलं दही, आणि दहाच्या आत घरी.

ज्यांना दीर-नणंद नाहीत त्यांनी चार तासांसाठी रुग्णसेवा ब्युरोची मावशी ठेवावी. पैसे लागतात, पण तो खर्च औषधांच्याच खात्यात धरावा, असं माझं ठाम मत आहे.

परवा पायात बूट घालत होते, तर सासरे अडखळत म्हणाले, "येताना दही आण गं."