कल्पित जग: नवे शब्द किती चालतील?

तांबडी_माती:
कादंबरीच्या पहिल्या हजार शब्दांत तीनपेक्षा जास्त बनावट नावं नकोत. वाचक पाठांतराला बसलेला नसतो. त्यापेक्षा एकच नियम उलटा करा आणि तो रोजच्या कामापर्यंत न्या. समजा, पावसाळ्यात नदी उगमाकडे वाहते. आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरल्यावर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पुढच्या पावसाआधी काढतात. तिथं कधी घालायचे? बुडालेल्या उसाची भरपाई वरच्या गावानं मागायची की खालच्या? एवढं एक भांडण रंगवा, जग उभं राहतं. नकाशा नको, वंशावळ तर नकोच.

गुप्त_सरस्वती:
नाही पटलं. ही कोल्हापूरच्या पंचगंगा नदीवर नुसती नवी पाटी झाली. बरगे म्हटलं की वाचक थेट शिरोळला जाऊन बसतो. थोडं न कळणं सोसावं की. पंचगंगेच्या पाच नद्यांपैकी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती दिसतात. पाचवी सरस्वती गुप्त. तरी मोजताना पाचच मोजतात ना? बनावट शब्दही तसाच टाकावा, अर्थ न सांगता.

शब्दखोर:
अर्थ नका देऊ, पण लिंग द्या! मराठीत खरी ठेच तिथं लागते. 'झॅर्क' तो, ती की ते? 'झॅर्कला' की 'झॅर्काला'? याउलट 'थिवळा' घ्या: थिवळा पेटला, थिवळ्याला हात लावू नको, चार थिवळे विझले. वस्तू काय ते ठाऊक नाही, शब्द मात्र चालू लागला. पहिल्याच वाक्यात क्रियापदातून लिंग कळू दे, लगेच पुढं सामान्यरूप येऊ दे.

गुप्त_सरस्वती:
थिवळा माळ्यावर पडलेला वाटतो हो! असे पाच शब्द आले की झालं खेडं. परक्या टोळीची नावं खरखरीतच हवीत, प्रत्यय लावताना जीभ अडखळू दे.

शब्दखोर:
टोळीपुरतं मान्य, नायकाच्या घरात नको. आणि नवलाई व्याकरणातही घालता येते. कोल्हापुरात बायकाही 'मी जातो' म्हणतात; बाहेरचा थबकतो, पण वाक्य कळतं. तसं तुमच्या जगात नदी ओलांडलेला प्रत्येक जण 'मी आलं' म्हणू दे. कारण तिसऱ्या प्रकरणात सांगा.

तांबडी_माती:
नाद खुळा! फक्त मुद्रितशोधकाला आधी नियमांचा कागद द्या, नाहीतर तो इमानेइतबारे सगळीकडे 'आलो' करून ठेवील. पण उसाच्या भरपाईचं कुणीच बोलला नाहीत.