मदत हवी आहे: मुलीचा मणका वाकलाय, कारण काय असू शकतं?

मुलगी १३ वर्षांची आहे, एक्सरेत मणका बाजूला वाकलेला दिसला, कॉब अँगल (बाक किती आहे ते मोजणारा कोन) २२ डिग्री, डॉक्टर म्हणाले इडिओपॅथिक स्कोलिओसिस, म्हणजे नक्की एक कारण सापडत नाही. घरचे दप्तराला आणि वाकून बसण्याला दोष देतायत, पोरगी बिचारी रडते, पण त्याने हे होत नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मी वाचलं की एलबीएक्स१, जीपीआर१२६ अशा जीन्सशी संबंध सापडलाय, कोंबडीच्या पिल्लांची मेंदूतली पिनिअल ग्रंथी काढल्यावर मणका वाकला म्हणून त्या ग्रंथीतून येणाऱ्या मेलाटोनिन या हार्मोनवरही संशय होता, आणि उंची झपाट्याने वाढताना बाक वाढतो, मुलींमध्ये जास्त. नणंदेलाही थोडा आहे. मग धाकटीलाही आत्ताच तपासून घेऊ का? आणि या वयात ब्रेस (बाक वाढू नये म्हणून अंगावर घालायचा कडक पट्टा) लावलेल्या कुणाचा अनुभव असेल तर प्लीज सांगा, शाळेत दिवसभर घालायला जमतो का?